कर्जतची इंजिने, लिंबची धाव

पुण्याकडे जाणारी गाडी कर्जतला थांबते तेव्हा बहुतेकांचे लक्ष वडापावकडे असते. आम्ही दोघे फलाटावर उतरून शेवटच्या डब्याकडे चालत गेलो. तिथे मागून इंजिने सावकाश येऊन टेकली, एक दबका ठोका बसला आणि जोडणी झाली. घाट चढेपर्यंत ही इंजिने गाडीला मागून रेटतात आणि वर पोचल्यावर सुटी होऊन परत खाली येतात. रेल्वेचे लोक त्यांना बँकर म्हणतात.

सोबत माझी भाची होती. ती सहावीत आहे आणि तिच्या विज्ञानाच्या पुस्तकात साध्या यंत्रांचा धडा आहे. तरफ, कप्पी, उतरण, पाचर, स्क्रू ही नावे तिला पाठ होती, चित्रेही काढता येत होती. पण यंत्र म्हणजे कारखान्यात असते ते, अशी तिची समजूत. ती खोडून काढावी म्हणून मुंबईहून साताऱ्यापर्यंतचा हा प्रवास मी आखला होता. सह्याद्री ओलांडणारा प्रत्येक माणूस आपल्या मुलखातल्या सर्वांत मोठ्या साध्या यंत्रावरून जात असतो, हे तिला आधी दाखवायचे होते.

‘‘मामा, पुढे एकच खूप मोठं इंजिन का नाही लावत?’’ तिने विचारले. प्रश्न रास्त होता. इंजिन कितीही ताकदीचे असले तरी त्याचा सगळा जोर शेवटी चाकाच्या आणि रुळाच्या स्पर्शातूनच बाहेर पडतो. लोखंडावर लोखंड, पकड मर्यादित. जोर त्या पकडीपलीकडे गेला की चाके जागच्या जागी फिरू लागतात. शिवाय सगळी ओढ पुढूनच असली तर पहिल्या डब्यांमधल्या जोडण्यांवर भलताच ताण येतो. म्हणून थोडी ओढ पुढून आणि थोडा रेटा मागून.

गाडी पळसदरी सोडून चढणीला लागली. खिडकीतून पाहिले तर चढ आहे असे वाटतही नाही. भोर घाटातला सर्वांत तीव्र चढ ३७ फुटांमागे १ फूट आहे. कोनात मांडायचा तर जेमतेम दीड अंश. १८६३ साली हा लोहमार्ग खुला झाला तेव्हा त्याची लांबी सुमारे पावणेसोळा मैल होती आणि तेवढ्यात गाडी १,८३१ फूट वर जाई. सरासरी काढली तर ४५-४६ फूट चालावे तेव्हा एक फूट उंची पदरात पडते. घर्षण क्षणभर बाजूला ठेवले तर ३७ टनांचा डबा या चढावर धरून ठेवायला एक टन जोर पुरतो. तोच डबा कड्यावरून दोरीने उभा उचलायचा तर पुरते ३७ टन ओढावे लागतील. लावलेल्या जोरापेक्षा किती पट भार हलला, त्या पटीला यांत्रिक लाभ म्हणतात. इथे तो ३७. पण एक फूट वर जाण्यासाठी वाटही ३७ फूट तुडवावी लागली. जोर भागिले ३७, अंतर गुणिले ३७. गुणाकार जिथल्या तिथे.

साध्या यंत्रांबद्दल मला जे सांगायचे आहे ते एवढेच, आणि ते या घाटात जितके ढळढळीत दिसते तितके प्रयोगशाळेतल्या ठोकळ्यावर दिसत नाही. यंत्र काम कमी करत नाही. एकरकमी फेडता न येणारे कर्ज ते हप्त्यांनी फेडू देते. जुन्या यंत्रांजवळ उभे राहिले की हे हप्ते डोळ्यांनी मोजता येतात: वाटेच्या लांबीत, दोराच्या वेटोळ्यात, बैलांच्या फेऱ्यांत.

या घाटाने दुसरी किंमतही घेतली. मुख्य अभियंता जेम्स बर्कली यांच्या आखणीनुसार १८५६ मध्ये काम सुरू झाले. पहिल्या कंत्राटदाराने ते अर्धवट सोडले. नंतर आलेले सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये, इथे पोचल्यावर थोड्याच दिवसांत मरण पावले आणि त्यांच्या पत्नी अ‍ॅलिस ट्रेडवेल यांनी कंत्राट आपल्या अंगावर घेऊन पुरे करवले. ऐन भरात चाळीस हजारांहून अधिक मजूर या डोंगरात राबत होते. पटकी आणि तापाने किती गेले! पंचवीस बोगदे, दऱ्यांवरचे उंच पूल आणि भराव, हे सारे कशासाठी? चढ सदतिसात एकाच्या वर जाऊ नये म्हणून. डोंगर आपल्या मर्जीने उभा असतो. त्याच्या अंगावर एकसारखी मंद उतरण बसवायची तर कुठे पोटातून जावे लागते, कुठे हवेतून. एके ठिकाणी तर वळण घ्यायलाच जागा नव्हती. तिथे गाडी थांबवून इंजिन दुसऱ्या टोकाला लावत आणि उलट दिशेने पुढचा चढ चढत. १९२९ मध्ये नवा मार्ग काढल्यावर ते उलटे स्थानक मागे पडले.

या वाटा इंग्रजांनी शून्यातून शोधल्या नाहीत. खोपोलीहून वर येणाऱ्या जुन्या रस्त्यावर शिंग्रोबाचे देऊळ आहे. शिंग्रोबा हा धनगर. घाटाची वाट गोऱ्या साहेबांना त्यानेच दाखवली आणि बक्षीस म्हणून देशाचे स्वातंत्र्य मागितल्यावर त्याला गोळी घातली, अशी आख्यायिका आहे. आजही तिथून जाणारे चालक नाणे टाकून पुढे जातात. आख्यायिकेत इतिहास किती ते बाजूला ठेवू, पण ती धनगराची असावी हे मला फार पटते. कळप उभ्या चढाला सहसा नाक लावत नाही. तो आडवा-तिरपा जातो. डोंगरातली मंद उतरण पिढ्यान्‌पिढ्या गुरामेंढरांच्या मागे चालणाऱ्या माणसाला ठाऊक असणार. १८३० मध्ये इथे गाडीरस्ता झाला. त्याआधी माल बैलांच्या पाठीवरून चढे. पाठीवर ओझे घेतलेला बैल बराच तीव्र चढ पायऱ्या-पायऱ्यांनी चढतो. तोच बैल गाडीला जुंपला की त्याला मंद रस्ता लागतो, आणि वाफेच्या इंजिनाला त्याहून मंद. सह्याद्रीच्या वाटांची पायवाट, गाडीवाट आणि लोहमार्ग अशी वाढ झाली, ती दर पायरीला लांब आणि मंद होत गेली.

पुण्यात आम्ही राजा दिनकर केळकर संग्रहालयात गेलो. अज्ञातवासी या नावाने कविता लिहिणाऱ्या दिनकर केळकरांनी गावोगाव हिंडून ज्या घरगुती वस्तू जमवल्या, त्या आपल्या अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, स्मरणार्थ इथे ठेवल्या आहेत. दिवे, कुलपे, वाद्ये, दौती, स्वयंपाकघरातली भांडी. माझे पाय दरवेळी अडकित्त्यांपाशी अडतात. पितळी, लोखंडी, कुणी घोड्याच्या आकाराचा, कुणी मोराच्या, कुणी स्त्री-पुरुषाच्या जोडीचा. कारागिराने नक्षीत जीव ओतला आहे, पण त्या सगळ्यांचा सांगाडा एकच: एका टोकाला खीळ, दुसऱ्या टोकाला मूठ आणि सुपारी या दोहोंच्या मध्ये, खिळीच्या अगदी जवळ.

ही तरफ. पुस्तकात टेकू मध्ये असलेली तरफ आधी येते; पहार, तराजू, कात्री ही तिची उदाहरणे. अडकित्त्यात टेकू टोकाला आणि भार मध्ये. खिळीपासून सुपारी अडीच सेंटीमीटरवर असेल आणि बोटे पंधरा सेंटीमीटरवर, तर हाताचा जोर सहापट होऊन सुपारीवर पडतो. म्हणूनच म्हातारी आजी टणक सुपारी एका हाताने कातरू शकते. त्याचा मोबदला मुठीच्या प्रवासात दिसतो. सुपारीत पाते एक सेंटीमीटर शिरायचे तर मुठीला सहा सेंटीमीटर मिटावे लागते. भाचीने काचेवर बोट टेकवून अंतरे अंदाजली आणि विचारले, ‘‘मग दांडे आणखी लांब का नाही केले?’’ कारण हाताचा पंजा तेवढाच उघडतो. यंत्राची लांबी ठरवताना माणसाचे अंगही मोजमापात येते. घाटाच्या बाबतीत ती मर्यादा डोंगराने घातली होती, इथे तळहाताने.

तिथल्याच स्वयंपाकघराच्या वस्तूंमुळे चिमट्याचा विषय निघाला. चिमट्यातही टेकू टोकालाच, पण बोटे मध्ये धरतात आणि निखारा टोकाला. म्हणजे अडकित्त्याच्या नेमके उलट. जोर वाढत नाही, घटतो. पण बोटे थोडी हलली की टोके जास्त हलतात आणि हात विस्तवापासून दूर राहतो. आपला दंडाचा स्नायूही असाच कोपराच्या जवळ जोडलेला आहे. तो थोडासा आखडतो आणि तळहात झपकन वर येतो. लाभ नेहमी जोरातच हवा असे नाही. कधी जोर देऊन अंतर विकत घ्यायचे असते.

आणि पितळी सोऱ्या. चकलीचा जुना दाबायचा सोऱ्या ज्यांनी वापरला आहे त्यांना फिरकीच्या सोऱ्याचे मोल सांगायला नको. स्क्रू म्हणजे दांड्याभोवती गुंडाळलेली उतरण. दोन आट्यांमध्ये तीन मिलिमीटर अंतर धरा आणि मूठ मध्यापासून पाच सेंटीमीटरवर. एका फेरीत हात सुमारे एकतीस सेंटीमीटर फिरतो आणि चकती तीनच मिलिमीटर खाली सरकते. हिशेबाने जोर शंभरपटीहून जास्त व्हायला हवा. प्रत्यक्षात निम्म्याहून अधिक घर्षणात जातो, आणि तरी उरलेला भाजणीच्या घट्ट पिठाला पुरून उरतो. भोर घाट आणि सोऱ्या यांचे गणित एकच आहे, हे भाचीला तिथे पहिल्यांदा मनापासून पटले. घरी जाऊन सोऱ्याच्या आट्यांतून सुतळी गुंडाळून ती उलगडून मोजायची, असे तिने स्वतःच ठरवले.

पुण्याहून साताऱ्याला जाताना खंबाटकी घाट लागतो. जाताना घाटाने चढायचे आणि येताना बोगद्यातून यायचे, अशी इथली वर्षानुवर्षांची रीत होती. मालाने भरलेले ट्रक पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये घोंघावत चढत होते. इंजिन जोरात फिरते आणि चाक सावकाश, म्हणजे तिथेही अंतर देऊन जोर घेणेच चालले होते. एवढे बोलून आम्ही पुढे गेलो, कारण ज्या जागेसाठी निघालो होतो ती आता जवळ आली होती.

साताऱ्याच्या अलीकडे महामार्ग सोडून आत वळले की लिंब गाव. तिथली बारा मोटांची विहीर शाहू महाराजांच्या काळात विरूबाई भोसले यांनी बांधवली. शिलालेखात शके १६४१ ते १६४६ असा काळ दिला आहे, म्हणजे इसवी सन १७१९ ते १७२४. रस्त्यावरून काहीच दिसत नाही. शेतामधून जाताना एकदम जमीन संपते आणि समोर दगडी पायऱ्या खाली उतरू लागतात. व्यास सुमारे पन्नास फूट, खोली सुमारे एकशे दहा फूट. मुख्य विहीर अष्टकोनी, तिला जोडून लांबट दुसरी, आणि दोन्हींच्या मधल्या पुलावर चक्क छोटा महाल. भिंतींवर सिंह आणि हत्ती कोरले आहेत. उन्हाळ्यातही त्या महालात गारवा असतो, आणि महाराज इथे बसत असे लोक सांगतात. हे पाणी आसपासच्या आमराईसाठी होते.

महाल पाहून लोक परत जातात. माझे सांगणे आहे की वर या आणि काठाने फिरा. मोटा बसवण्याच्या जागा तिथे आहेत. नाव बारा मोटांचे असले तरी जागा पंधरा असल्याचे सांगतात. पाण्यावर आडवे आलेले दगड, त्यामागे पाणी ओतायचे थारोळे, तिथून निघणारे पाट. मोटा थांबून किती काळ गेला, पण दगडावर सगळी मांडणी वाचता येते.

काठावर एक म्हातारे गृहस्थ बसले होते. तरुणपणी आपल्या शेतातल्या विहिरीवर त्यांनी मोट हाकलेली. भाचीने त्यांना विचारले, ‘‘आजोबा, इथे वर कप्पी असायची ना? तिच्यामुळे पाणी हलकं व्हायचं का?’’

‘‘चाक व्हय? चाक जोर देत न्हाई, पोरी,’’ ते म्हणाले. ‘‘चाक नुसतं वळवतंय. जोर धावंचा.’’

मी अनेक पुस्तकांत कप्पीचे वर्णन वाचले आहे, पण इतके नेमके कुठे वाचलेले आठवत नाही. एका जागी पक्क्या बसवलेल्या कप्पीचा यांत्रिक लाभ एक. दोनशे किलोची मोट वर आणायची तर दोराला दोनशे किलोचीच ओढ लावावी लागते. चाकाच्या कण्यावरचे घर्षण धरले तर थोडी जास्तच. चाकाने फक्त वर जाणारी ओढ आडवी, खाली जाणारी करून दिली. पण ती दिशा बदलल्यामुळेच बैल जुंपता आला, आणि धाव आखता आली.

धाव म्हणजे विहिरीच्या काठापासून दूर उतरत जाणारी बैलांची वाट. सपाट जमिनीवर बैल आपल्या वजनाच्या साधारण दहाव्या हिश्श्याएवढी ओढ बराच वेळ देऊ शकतो. चारशे-चारशे किलोची जोडी धरली तर ती ऐंशी किलोच्या आसपास भरते. थोड्या वेळापुरती जास्त ओढ लागते हे खरे, पण दिवसभर दोनशे किलोची मोट या जोडीला सपाटीवरून ओढणे अवघड. आता धाव सहा हातांना एक हात उतरती करा. आठशे किलो वजनाची जोडी त्या उतारावर चालू लागली की वजनाचा सहावा हिस्सा, म्हणजे सुमारे एकशे तेहतीस किलो, आपोआप दोराच्या दिशेने लागतो. पायांनी लावायचा जोर उरला सत्तरेक किलोचा. बैलांच्या आवाक्यात आला. रेल्वेच्या घाटात उतरण भाराखाली घातली होती. इथे भार सरळ उभा वर येतो आणि उतरण ओढणाऱ्याच्या पायांखाली घातली आहे. ज्याने कुणी पहिल्यांदा हे केले त्याच्या बुद्धीपुढे मी नमस्कार करतो.

‘‘बैल उताराला लागला की त्येचं अंगच वडतं,’’ म्हातारे सांगत होते. ‘‘आन्‌ वर आमी नाड्यावर बसायचो.’’ नाडा म्हणजे मोटेच्या तोंडाला बांधलेला जाड दोर. धावेवरून उतरताना मोटकरी ताणलेल्या नाड्यावर सरळ बसकण मारी. लहानपणी मला ती आरामाची बैठक वाटे. ती चांगलीच कामाची आहे. ताठ दोराला मधोमध खाली दाबले की दोन्हीकडे ताण वाढतो, आणि दोर जितका सरळ तितका दाबणाऱ्याच्या वजनाच्या मानाने हा ताण मोठा. माणसाचे पन्नास-साठ किलोही अशा रीतीने पाणी काढण्याच्या कामी लागत.

या सगळ्याची परतफेड कुठे होते? धावेच्या खालच्या टोकाशी. मोट रिकामी झाली की बैलांना परत वर जायचे असते, तेही आपल्याकडे उलट्या पावलांनी, तोंड तिकडेच ठेवून. उतरताना ज्या आठशे किलोंनी मदत केली ते आता वर चढवायचे. गुरुत्वाने उसने दिलेले सगळे फेडून घेतले. फरक इतकाच की फेडताना दोराला भरलेली मोट नव्हती. एका दमात जे झेपले नसते ते येताना आणि जाताना अशा दोन फेऱ्यांत वाटले गेले. त्या उलट चालण्यात बैलांचा जीव जाई, म्हणून मोटकरी त्यांना चुचकारत, गात, मागे आणत. मोटेवरच्या गाण्यांचा ठेका या मागे येण्याशी बांधलेला असे, असे त्यांनी सांगितले आणि हाताने ताल धरून दाखवला.

मग भाचीने तिचा ठेवणीतला प्रश्न काढला. पुस्तकात दुसरी एक कप्पी आहे, भाराबरोबर वर सरकणारी. तिच्यात दोराच्या दोन पदरांवर भार वाटला जातो आणि निम्म्या जोरात काम होते. ती मोटेला का नाही लावली? मी म्हाताऱ्यांना समजावून सांगितले. त्यांनी विहिरीत वाकून पाहिले, मग धावेच्या जागेकडे पाहिले. ‘‘मंग धाव दुप्पट लागंल की. तेवढं रान कुणाचं घ्याचं?’’ उत्तर पुरे होते. पाणी साठ फुटांवर असेल तर साध्या चाकाला साठ फुटांची धाव पुरते. जोर निम्मा करायचा तर दोर आणि धाव एकशे वीस फूट, बैलांच्या येरझाऱ्याही दुप्पट लांब, आणि दिवसभरात मोटा निम्म्या. जोडीला आणखी एक जोडी जुंपणे, म्हणजे चार बैलांची मोट करणे, त्यापेक्षा परवडते. यांत्रिक लाभ जितका मोठा तितका चांगला, असे मानणाऱ्याने एकदा शेतकऱ्याच्या बांधावर उभे राहून हिशेब करावा.

मोटेची आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. चामड्याच्या मोटेला खालच्या बाजूने सोंड असते आणि तिच्या टोकाला सोंदूर नावाचा दुसरा, बारीक दोर. नाडा वरच्या चाकावरून जातो, सोंदूर खाली काठालगतच्या आडव्या रुळावरून. दोन्ही दोर एकाच जुवाला. वर येताना सोंदूर सोंडेला मोटेच्या बरोबरीने दुमडून उभी धरतो, म्हणून पाणी सांडत नाही. मोट काठाच्या वर आली की नाडा तिला आणखी वर नेतो आणि सोंदूर सोंडेला आडवे बाहेर खेचतो. सोंड थारोळ्यात उलगडते आणि मोट आपोआप रिकामी होते. विहिरीच्या काठावर दुसरा माणूस लागत नाही. खाली बैलांजवळ असलेला एकटा मोटकरी साठ फुटांवरून पाणी भरतो, काढतो आणि ओततो. दोन दोरांच्या लांबीतला ठराविक फरक एवढीच त्यातली किल्ली. तो फरक हातभर चुकला तर पाणी परत विहिरीत.

‘‘सोंदूर आमचा बा बांधायचा. मला बांधू द्याला लई वर्सं घेतली त्येनं,’’ म्हातारे म्हणाले. मग त्यांनी आम्हाला पाट दाखवायला नेले आणि आमराई कुठवर होती ते काठीने दाखवले.

परतीच्या वाटेवर उसाच्या पट्ट्यात चिपाडांचे ढीग आणि धूर दिसला. गुऱ्हाळ चालू होते. चरक विजेच्या मोटरवर होता. मोटरच्या दांड्यावरची पुली वीतभर, चरकाची पुली पुरुषभर, दोन्हींमध्ये पट्टा. पुढे आणखी दातेरी चाकांची जोडी. मोटर भिंगरीसारखी फिरत होती आणि चरकाचे लोखंडी रूळ इतके सावकाश की त्यांच्यावरचे दाते मोजता यावेत. त्या संथपणातूनच ऊस पिळणारा जोर येत होता. पूर्वी बैल चरकाभोवती फिरत. मधोमध रूळ आणि वर लांब आडवे लाकूड. बैल साडेतीन मीटर त्रिज्येच्या वर्तुळात चालला आणि रुळाची त्रिज्या पंधरा सेंटीमीटर असली तर तेवीसपट जोर. बैल दिवसभरात किती कोस चालत असेल, पण ऊस जेमतेम काही गाड्या पिळला जाई.

चुलवाणावर काहील रटरटत होती. गुळव्याने रसाचा थेंब पाण्यात टाकून बोटांनी दाबून पाहिला आणि ‘‘चला’’ म्हणाला. इथे काहील उतरवायला वर लोखंडी तुळईवर चेनपुली टांगलेली होती. चेनपुली म्हणजे माणसाने हाताने ओढायची साखळी आणि भार उचलणारी दुसरी साखळी, मध्ये बंद डब्यात दातेरी चाके. एक तरुण साखळी ओढू लागला. भराभर, हातावर हात टाकून. काही शे किलोंची ती उकळती काहील वीतभर वर यायला त्याने सात-आठ मीटर साखळी ओढली असेल. हप्त्यांचा हिशेब इतका उघड मी दुसरीकडे पाहिलेला नाही. त्याच्या पायाशी साखळीचा ढीग पडे आणि समोर काहील बोटभर हले.

मध्येच घाम पुसायला त्याने साखळी सोडून दिली. भाची दचकून मागे सरली. काहील होती तिथेच राहिली. असल्या चेनपुलीत एक ब्रेक असतो: लटकलेला भारच एका स्क्रूला आवळतो, स्क्रू चकत्या एकमेकींवर दाबतो आणि त्यांच्या घर्षणाने भार अडतो. भार जितका जड, पकड तितकी घट्ट. दिवसभर आम्ही घर्षणाला जोर खाणारे म्हणून हिशेबातून वगळत होतो. इथे पाचसहा माणसांचे पाय त्याच्याच भरवशावर उकळत्या रसापासून हातभर अंतरावर उभे होते. ‘‘सोऱ्याची मूठ सोडली तरी पीठ तिला मागे फिरवत नाही, तसंच ना?’’ भाचीने विचारले. अगदी तसेच. आटे पुरेसे मंद असले की रेटा उलटा जात नाही. पुढे नेताना निम्मे खाणारे घर्षण मागे येणेही अडवते.

तरुणाने दुसऱ्या बाजूची साखळी ओढून काहील वाफ्यावर उतरवली, दोघांनी कडी धरून ती कलती केली आणि गूळ पसरला. गुळव्याने फावड्याने तो घोटायला घेतला. रिकामी काहील आता परत चुलवाणावर न्यायची होती. भाचीने विचारायच्या आधीच त्याने तिला खुणेने बोलावले आणि साखळी हातात दिली. तिने दोन्ही हातांनी, सगळे अंग लावून ओढायला सुरुवात केली आणि तितका जोर लागतच नाही हे लक्षात येऊन सावकाश झाली. बरीच साखळी पायाशी जमली तेव्हा तिने वाकून काहिलीच्या बुडाखाली पाहिले. जमीन आणि काहील यांच्यात वीतभरही फट नव्हती.

‘‘अजून वड, पोरी,’’ गुळव्या म्हणाला, ‘‘कमरंपातूर यायला पायजे.’’